सालईवरचा झोका

"उतर खाले! उतर! फांदी बोली राहिनी!"

नाना बरडाच्या पार त्या टोकाकडून धोतराचा सोगा हातात धरून ओरडत धावत येत होते आणि आम्ही अकरा पोरी त्यांच्याकडे बघून खिदळत होतो. फांदी बोलतेय म्हणे! नानांच्या तोंडून हे काही नवीन नव्हतं. धावड्याचं झाड आज रुसलंय, खैराला ताप आलाय, असल्या बातम्या ते रोज जेवताना द्यायचे. शिवाय त्यांचा आवाज झोक्यापर्यंत पोहोचायला मध्ये जागाच नव्हती, कारण झोक्यावर माझी थोरली बहीण अक्का उभी होती आणि तिचं तोंड सुरू होतं. अक्काचं तोंड म्हणजे काय सांगू! ती आमच्या ओट्यावर शिंकली की चाळीसगाव स्टेशनात गाडी सुटायची. नाल्याच्या पलीकडे शेजारच्या गावच्या पोरींनी त्यांचा झोका बांधला होता, आणि अक्का प्रत्येक हेलकाव्याला वर गेली की तिथून एक शिवी त्यांच्या अंगावर सोडत होती. "तुम्हना गावनं पानी पिईसन म्हैस आटी जास!" झोका खाली. झोका वर. पलीकडून उत्तर आलं, "तुमन्या पोरीस्ले झोका नही, बैलगाडी लागस!" अक्काने पुढच्या उत्तरासाठी छाती भरून श्वास घेतला, गुडघे वाकवून जोर दिला, झोका आभाळाला टेकला, आणि फांदी खरंच बोलली. एकच शब्द. कडाड.

आता हे वाचून बाहेरगावचा माणूस म्हणेल, काय हो ही माणसं, सणासुदीला शिव्या देतात! तर हो, देतो. आमच्याकडे अक्षय तृतीया नसते, आखाजी असते. त्या सणाला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि दोन गावांच्या पोरी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून वर्षभर गिळलेलं सगळं एकमेकींवर ओकतात. सासूला जे बोलता येत नाही ते नाल्याला बोलायचं. संध्याकाळी पाणी पिऊन घरी जायचं, मनात काही ठेवायचं नाही. माझ्या मते डॉक्टर लोकांनी हे औषध म्हणून लिहून द्यायला हवं. अक्काचं लग्न होऊन तेव्हा वर्षच झालं होतं, सासर बोदवडचं, माणसं चांगली पण मुकी. त्या घरात म्हणे फक्त घड्याळ बोलायचं. म्हणजे पोरीच्या पोटात किती साठलं असेल, बघा.

त्या दिवशी सकाळपासून घरात नुसता धुरळा होता. माय चुलीवर खापर पालथं घालून मांडे करत होती. मांडा म्हणजे पुरणाची पोळी, पण ती पोळपाटावर लाटायची नाही, हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची. मायचा मांडा एवढा पातळ की त्याच्या आडून मी वर्तमानपत्र वाचलेलं आहे, आणि एवढा मोठा की घडी न घालता उन्हात धरला तर खाली दोन शेळ्या सावलीला बसतील. बरोबर आमरस, झणझणीत आमटीचा, म्हणजे आमच्या रस्सीचा झणका, कुरडयांचा डोंगर. कोपऱ्यात पितरांची घागर भरून ठेवलेली, तिच्या गळ्याला दोरा, तोंडावर आंबा. पाट्यावर वाटण घसटल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, खापरावर पीठ पडल्याचा चर्र आवाज, आणि या सगळ्यावर माझा आवाज. कारण मी बोलत होते. मी कायमच बोलत होते.

माझं नाव घरात बेबी. तेव्हा वय सतरा, आणि खोटं बोलण्यात माझा हात धरणारं पाच तालुक्यांत कोणी नव्हतं. खोटं म्हणजे वाईट खोटं नव्हे हो, फुलवलेलं. साधा सरडा पाहिला तर घरी येईपर्यंत त्याला मी घोरपड करायचे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मगर. हे कसब फुकट जाऊ नये म्हणून देवाने मला नाना दिले. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी जंगलखात्याच्या रोपवाटिकेत राखणदार म्हणून केलेली, काकू लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मी पाळण्यात असतानाच निवृत्त होऊन घरी आले ते एक पत्र्याची पेटी आणि सात पोती बिया घेऊन. गावाच्या पश्चिमेला गायरानातलं एक बरड होतं, म्हणजे नुसता मुरूम आणि धोंडे, जिथं चरायला गेलेली गाय विचारात पडून परत यायची. त्या बरडावर नानांनी आपल्या मुलखाची झाडं लावायला घेतली. परदेशी एक नको. अंजन, धावडा, खैर, मोई, काकड, तिवस, चारोळी. आधीपासून उभं असलेलं जुनं झाड तिथं एकच होतं, एक म्हातारी सालई. ती सोडून सगळं नानांच्या हातचं. आसपासच्या टेकड्यांवरून ही झाडं संपत चाललीत आणि निदान एकेक तरी इथं जिवंत राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. गाव त्यांना खुळा म्हणायचं, पण पाहुणे आले की दाखवायला तिकडेच न्यायचं. आणि पाहुण्यांना झाडांची माहिती सांगायचं काम माझं.

नाना बोलायचे कमी आणि झाडांवर पाट्या लावायला त्यांचा विरोध. म्हणायचे, झाड सालीवरून ओळखावं, वासावरून ओळखावं. पाटी वाचली की माणूस झाडाकडे बघतच नाही. मग पाहुण्यांचं काय? पाहुण्यांना मी होते ना. हे झाड भीमाने लावलं, या झाडाखाली झोपलं की माणूस गुजराती बोलायला लागतो, याच्या शेंगेने एका मामलेदाराची दाढी उगवली. पाहुणे खूष, मी खूष. नाना लांब उभे राहून एखाद्या रोपाची माती सारखी करत असायचे. आता मनातलं सांगून टाकते: मला त्या बरडातली तीन झाडं ओळखू येत होती. पळस, कारण तो फुलतो. हिवर, कारण तो टोचतो. तिसरं आत्ता आठवत नाही.

त्या आखाजीला गावातल्या निंबावर दुसऱ्या आळीच्या पोरींनी पहाटेच झोका बांधून टाकला. आमची जागा गेली. पोरी हिरमुसल्या आणि मी तोंड उघडलं, "निंब काय घेऊन बसलात? आमच्या नानांकडे अंजन आहे अंजन! लोखंडाचं लाकूड! तोडायला गेलेल्या एकवीस कुऱ्हाडी वाकल्या त्याच्यावर. हत्ती टांगा!" हत्ती नव्हता, अक्का होती. नानांना विचारलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की मला आजही दिसतो. आजवर त्यांच्या बरडात आखाजीला कोणी आलं नव्हतं. त्यांनी स्वतः माळ्यावरून मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, काढला, खांद्यावर टाकला, आमच्यापुढे चालत बरडाच्या तोंडापर्यंत आले आणि म्हणाले, "अंजनले बांधा. दुसरा कशाले बांधू नका. बेबीले ठाऊक शे." आणि आम्हा पोरींना प्यायला पाणी हवं म्हणून ते विहिरीकडे गेले.

बेबीले ठाऊक शे. अकरा पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा "मला माहीत नाही" एवढं म्हटलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण हे तीन शब्द माझ्या तोंडाला सवयीचे नव्हते. मी डोळे बारीक केले, चार झाडांना थोपटलं, आणि त्यातल्या त्यात जाड बुंध्याचं, आडवी फांदी असलेलं, पान नसलेलं एक झाड दाखवलं. कागदासारखी साल सुटत होती त्याची. म्हटलं, "हे बघा, लोखंडाला गंज चढतो तशी साल." पोरींनी माना डोलावल्या. बरडातली ती एकुलती म्हातारी सालई होती, आणि सालईचं लाकूड म्हणजे काय, खाऱ्या बिस्किटाचा थोरला भाऊ.

फांदी तुटली आणि अक्का उडाली. माझी मुलं लहान असताना मी त्यांना सांगायचे की ती नाला ओलांडून पलीकडच्या गावात पडली आणि तिथल्या लोकांनी तिला चहा देऊन परत पाठवली. तसं नव्हतं. नानांनी रोपांसाठी वाळक्या पाल्याचा ढीग करून ठेवला होता, त्यात ती कमरेपर्यंत गेली. खरचटलं, दोन्ही हातांतल्या बांगड्या फुटल्या, बाकी धड. नाल्यापलीकडून ज्या पोरीने बैलगाडी काढली होती तीच रडवेल्या आवाजात ओरडली, "लागनं का व बाई?" आणि मग वास सुटला. सालईचा चीक, म्हणजे देवघरात धूप पेटवावा तसा वास. सगळं बरड त्या वासाने भरून गेलं. नाना येऊन पोहोचले, अक्काला उठवलं, तिचे हात-पाय चाचपले, आणि मग सालईच्या त्या उघड्या जखमेवर पंजा टेकवून उभे राहिले. पाण्याची कळशी त्यांनी वाटेतच टाकली होती.

घरी माय उलथनं हातात घेऊनच दारात आली. लग्नाला वर्ष झालेली लेक, सणाचा दिवस, आणि मोकळे हात! "बोदवडले काय तोंड दाखाडू मी? कोनी दाखाडं ते झाड? कोनी?" उलथन्याचं टोक माझ्या नाकासमोर होतं, गरम होतं, त्याला पुरण लागलेलं होतं. मी म्हटलं, "नानांनी."

आयुष्यभर मी एवढी खोटी बोलले की त्यांचं ओझं वाहायला चार बैलगाड्या लागतील, पण एवढं लहान खोटं मी कधीच बोलले नव्हते. ना त्यात हत्ती, ना मामलेदार. नुसता एक शब्द. आणि कदाचित म्हणूनच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. नाना ओट्यावर बसून करवतीचे दात पुसत होते. त्यांनी ऐकलं. दात पुसून झाले, करवत घेतली आणि बरडाकडे गेले. त्यांचे मांडे तसेच राहिले. अक्काने मात्र सहा खाल्ले.

गावात खोटं माझ्यापेक्षा जोरात पळालं. चक्कीवर, पाणवठ्यावर, बसथांब्यावर एकच: म्हातारबाला स्वतःचीच झाडं ओळखू येत नाहीत, सालईला अंजन म्हणून पोरी टांगल्या. एरवी लोक हसले असते आणि विसरले असते. पण त्या उन्हाळ्यात बरडावर संकट होतं. सरपंचभाऊंना त्या जागेवर सरकारी निलगिरी हवी होती, झटपट वाढणारी, रांगेत उभी राहणारी. नानांनी अर्ज दिला होता की ही जागा देशी झाडांना राहू द्या. आणि पंधरा दिवसांनी धुळ्याहून एक साहेब येऊन जागा बघून ठरवणार होते. नानांजवळ नकाशा नाही, पदवी नाही, कागद नाही. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती: हा माणूस झाडं ओळखतो, एवढी गावाची खात्री. ती मी एका शब्दात काढून घेतली होती.

नानांनी तुटलेल्या फांदीचे हातभर लांबीचे सात तुकडे केले आणि बांधाच्या कडेने ओळीत रोवले. झाडाच्या जखमेवर शेणमातीचा लेप दिला. मला वाटलं, हे तुकडे वाळले तर नानाही वाळतील. म्हणून मी रोज दुपारी घरातली सगळी भांडी पालथी घालून त्यांना पाणी घालू लागले. एकदा तर पितरांची घागरसुद्धा नेली. मायने त्यावरून जे केलं ते लिहायची सोय नाही. आठव्या दिवशी नाना मागे येऊन उभे राहिले. "सालईले इतलं पानी नको. कुजस ती." तेवढंच. दोन तुकडे कुजले होतेच.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन मी तिथं गेले होते. आता दार आहे, दारावर मोठ्या अक्षरात 'देशी वृक्षवन' आहे, शाळांच्या सहली येतात, आणि नानांच्या नाकावर टिच्चून प्रत्येक झाडाला पाटी आहे. बांधाच्या कडेला पाच सालया उभ्या आहेत, एका ओळीत, माझ्या दोन हातांत न मावणाऱ्या. पाटीवर लिहिलंय: 'फांदीपासून लागवडीचा यशस्वी प्रयोग.' मी नातीला म्हटलं, "हा प्रयोग तुझ्या अक्काआजीने वजन टाकून केला." तिने मोबाइलमधून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. मला माहीत आहे ती नजर. माझ्या घरात तीन पिढ्या माझ्याकडे तसंच बघतात.

तर साहेब आले. जीप बरडाच्या तोंडाशी थांबली आणि मागून निम्मं गाव. साहेब तरुण होते, घामेजलेले, हातात वही. सरपंचभाऊ पुढे होऊन बोलत होते, "साहेब, म्हातारा माणूस आहे, कष्ट केले, नाही म्हणत नाही मी. पण आता ओळख राहिली नाही हो त्यांना. सालईला अंजन समजून सणाच्या दिवशी पोरी टांगल्या. सगळ्या गावाला माहीत आहे." साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. नाना दहा पावलांवर एका रोपाची माती सारखी करत होते. ते काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. साहेबांनी वही मिटली आणि जीपकडे वळले.

"झाड मी दाखवलं," मी म्हटलं. माझा आवाज, जो एरवी नाल्यापलीकडे जायचा, तो कसाबसा जीपपर्यंत गेला. "नानांनी अंजन सांगितलं होतं. मला अंजन ओळखता येत नाही."

साहेब थांबले. "पण इथली माहिती पाहुण्यांना तूच सांगतेस ना?"

"ती रचलेली असते."

"सगळी?"

"हो, साहेब. सगळी."

मला वाटलं होतं आता धरणी दुभंगेल. झालं काय, तर गाव पोट धरून हसलं. सरपंचभाऊ डोळे पुसत म्हणाले, "साहेब, हिचं मनावर घेऊ नका. हिने एकदा शाळेत मगर नेली होती. काकासाठी बोलतेय पोर." आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलले आणि कोणी ऐकून घेईना! मला रडू फुटलं, आणि रडता रडता माझ्यातली जुनी बेबी ओरडली, "मग डोळे बांधा त्यांचे! डोळे बांधून विचारा एकेक झाड!"

साहेबांना ते आवडलं. नानांच्याच उपरण्याने नानांचे डोळे बांधले आणि साहेब स्वतः त्यांचा हात धरून फिरले. नाना प्रत्येक झाडावर आधी तळवा ठेवायचे, मग नाक न्यायचे, मग नाव सांगायचे. धावडा. तिवस. मोई. काकड. दीडशे झाडं ओळखली त्यांनी. बरं, बावीस. मध्येच सरपंचभाऊंनी डोळा मारला आणि नानांचा हात जीपच्या बॉनेटवर नेऊन ठेवला. नानांनी तळवा फिरवला, वास घेतला. "हाई झाड नही," ते म्हणाले. "पन याले ताप शे." गाव हसलं, साहेब हसले, आणि त्या हसण्याचा सूर आधीच्यासारखा नव्हता हे सरपंचभाऊंनाही कळलं. शेवटी साहेबांनी त्यांना एका सडसडीत, काळपट सालीच्या झाडाशी नेलं, ज्याला नुकती तांबूस जोडपानं फुटली होती. नानांनी हात लावला मात्र, लगेच माझ्या दिशेने तोंड वळवलं. डोळ्यांवर उपरणं, तरी बरोबर माझ्या दिशेने. "बेबी, हाऊ अंजन शे. हात लाव." मी गेले आणि हात लावला. खडबडीत, उन्हात तापलेला, भेगाळलेला. मला आजही अंधारात ओळखू येईल.

साहेबांनी वहीतलं पान फाडलं. निलगिरी कुठल्या तरी दुसऱ्या गावाला गेली. लोक पांगले, सरपंचभाऊ जीपमध्ये बसून रस्त्यापर्यंत गेले, आणि बरडावर आम्ही दोघंच उरलो. घराकडे निघालो तेव्हा नाना पुढे, मी मागे. पंधरा दिवस विचारायचं राहिलेलं ते मी अखेर विचारलं.

"नाना, गाव तुम्हले हसत व्हतं. तुम्ही एकदाव बी का बरं सांगं नही, पोर खोटं बोलस म्हनीसन?"

नाना थांबले. वाकून धोतराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली.

"माले कोनी इचारंच नही," ते म्हणाले.